पणजोबांच्या कबरीचा पत्ता

परदेशात स्थायिक झालेल्या नातलगांना मूळ गावाची ओढ लागते ती बहुधा डिसेंबरात. मे महिन्यात जामखेड तालुक्यातल्या विहिरींत सोडलेली बादली तळाला आपटून रिकामीच वर येते, तेव्हा ही ओढ कुणाला लागल्याचे आजवर ऐकिवात नाही. डिसेंबरात हवा बरी असते, तिकडे शाळा-कॉलेजांना सुट्टी असते आणि गावाकडचे ऊन फोटोला पोषक असते. केडगावच्या हैदर मुलाणींनी या मोसमी ओढीचे निरीक्षण गेली पंचवीस-सत्तावीस वर्षे केले आहे. तिच्याविषयी त्यांच्याइतक्या अधिकाराने बोलू शकेल असा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा नसावा. बोलत मात्र ते नाहीत. बोलण्याचे काम पाहुण्यांकडे असते. हैदरभाईंकडे रजा टाकण्याचे काम असते.

हैदरभाईंचे वय त्रेपन्न. नागापूरच्या एमआयडीसीत, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासनीस आहेत. त्यांच्या हुद्द्याला कागदोपत्री काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे. काम मात्र एवढेच, की तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि ठरल्या मापात केसाइतका जरी फरक निघाला तरी त्याला लाल ठिपका लावून बाजूला टाकायचा. अठ्ठावीस वर्षांत कुणाच्याही सांगण्यावरून त्यांनी लावलेला ठिपका पुसला नाही. एकदा खुद्द मालकाच्या मेव्हण्याने 'एवढ्याशा फरकाने काय आभाळ कोसळते का' असे विचारले, तेव्हा हैदरभाईंनी 'ते माझ्या खात्यात येत नाही' असे उत्तर देऊन तो भाग त्याच्या देखत बाजूला टाकला. परिणामी कारखान्यात त्यांना मान आहे आणि बढती नाही.

अशा या माणसाने आयुष्यात एकदा, फक्त एकदा, न मापता एक वस्तू पास केली. ती वस्तू म्हणजे स्वतःच्या पणजोबांची कबर.

पणजोबांचे नाव मौलाली मुलाणी. जामखेडच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत वसलेल्या सावरदरा गावचे ते मुलाणी. म्हणजे गावजत्रेला आणि नवसाला बोकड हलाल करण्याचा मान त्यांचा आणि त्या बदल्यात सुगीला खळ्यावर पसाभर ज्वारी मागण्याचा हक्कही त्यांचाच. त्यांना दोन मुलगे. एकाच्या वंशात हैदरभाई, दुसऱ्याच्या वंशात परवेझ. परवेझचे वडील नगरच्या छावणीत मोटारदुरुस्ती शिकले, चौऱ्याहत्तर साली कुवेतला गेले आणि तिथून कॅनडाला पोचले. हैदरभाईंचे वडील एसटीच्या कार्यशाळेत लागले आणि केडगावला पोचले. अशा रीतीने एका भावाच्या वाट्याला कॅनडा आला, दुसऱ्याच्या वाट्याला केडगाव. गाव मात्र दोघांत सारखे वाटले गेले: सांभाळायचे हैदरभाईंनी, आठवायचे परवेझने.

हे आठवणे साधेसुधे नसते. त्याचे वेळापत्रक असते. दोन हजार पंधराच्या डिसेंबरात परवेझ पहिल्यांदा आला, तेव्हा त्याच्या हातातल्या छापील कागदावर वेरूळ आणि गोवा यांच्या मध्ये 'मूळ गाव – साडेअकरा ते पाऊण' अशी नोंद होती. हैदरभाईंना त्याने एक अर्धी वापरलेली अत्तराची बाटली, विमानात मिळालेली चार चॉकलेटे आणि एक कडकडून मिठी दिली. मिठी पूर्ण होती, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

त्याचे मराठी ऐकून हैदरभाई चकितच झाले होते. परवेझने ते वडिलांकडून घेतलेले, आणि वडिलांनी गावातून नेलेले. त्यामुळे कॅनडातल्या विमा कंपनीत अधिकारी असलेला हा गृहस्थ तोंड उघडले की सावरदऱ्याच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा बोलायचा. उलट हैदरभाई नगरच्या शाळेत शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी गुण मिळवलेले. दोघे बोलू लागले की परदेशातून नक्की कोण आलेय असा प्रश्न पडावा.

त्या दिवशी गाव ओस होते. दिवाळी सरली की सावरदऱ्याची निम्मी घरे कुलपे लावून ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. ज्यांना गावातले काही ठाऊक होते ते सगळे तेव्हा कोणत्या ना कोणत्या साखर कारखान्याच्या हद्दीत, पालांत राहत होते. कब्रस्तानात पाहुणे, हैदरभाई आणि बाहेर हॉर्न वाजवणारा चालक, एवढीच माणसे.

"हैदरभाई, पणजोबांची कबर कंची?" परवेझने विचारले.

हैदरभाईंना ती माहीत नव्हती. त्यांच्या वडिलांनी लहानपणी एकदा बैलगाडीतून जाताना हनुवटीने 'तिकडं' असे दाखवले होते, आणि 'तिकडे' शे-दीडशे कबरी होत्या. सगळ्या कच्च्या, मातीच्या. कुणावर दगड नाही, कुणावर नाव नाही. गावचा रिवाज असा, की पावसाळा सरला म्हणजे ज्याने त्याने आपल्या माणसाच्या कबरीवर दोन पाट्या माती टाकायची आणि हाताने लिंपायची. माती टाकणारा वर, त्याचे माणूस खाली. एवढाच इथला सातबारा. मुलाण्यांपैकी कुणी चाळीस वर्षांत तिथे मूठभर माती टाकली नव्हती.

'माहीत नाही' हे दोनच शब्द होते. पण समोर हजारो मैलांवरून आलेला भाऊ डोळ्यांत पाणी आणून उभा होता, आणि ज्याच्याकडे गाव सांभाळायला दिले त्याने 'हरवले' कसे म्हणायचे? हैदरभाईंनी सभोवार पाहिले आणि त्यातल्या त्यात नीटनेटकी, कडुनिंबाखालची, ताजी लिंपलेली कबर बोटाने दाखवली. परवेझने गुलाबाच्या पाकळ्या वाहिल्या, फातेहा पढला, फोटो काढला आणि पाऊण वाजता गोव्याला प्रयाण केले.

कबर नीटनेटकी होती, कारण ती कुणाचीतरी होती, एवढा साधा विचार त्या क्षणी तपासनिसांना सुचला नाही.

तो सुचवला सरवरीखालांनी. पुढच्या मे महिन्यात, आपल्या माणसांच्या कबरींवर जाण्याच्या शब-ए-बरातच्या आदल्या दिवशी हैदरभाई गावी गेले होते. सरवरीखाला म्हणजे ऊसतोड करून पाठीचे धनुष्य झालेली विधवा बाई. कब्रस्तानाला लागूनच तिचे दोन पत्र्यांचे घर. ती हैदरभाईंना पाहून आपणहून सांगू लागली, "आरं, ह्या साली नवलच झालं बघ. आमी ऊस तोडाय गेल्तो, तर मागं कुनीतरी माझ्या आईच्या कबरीवर गुलाबाची फुलं वाह्यली! वाळून पडली हुती. कोन आसंल रं? आल्ला त्येचं भलं करो."

छोटीबी तिच्या आईचे नाव. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर ती चक्कर येऊन पडली ती उठली नाही. तेव्हापासून दर साली ऊसतोडीच्या कोयत्यावर जाण्याआधी सरवरीखाला त्या कबरीवर माती टाकत आली होती.

हैदरभाई म्हणाले, "असेल कुणी." आणि कारखान्यात परत जाऊन त्या आठवड्यात त्यांनी नेहमीपेक्षा दुप्पट भाग नापास केले.

खोटे एकदा बोलून भागले असते तर जगात कुणाचे काही बिघडले नसते. पण परवेझ कृतज्ञ निघाला. नऊ वर्षांनी, दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात, तो पुन्हा येणार असल्याचा निरोप आला. या वेळी मुलीसह आणि दगडासह. दगड आग्र्याला करून घेतला होता: पांढरा संगमरवर, दोन फूट बाय दीड, कडेने रंगीत खड्यांची वेलबुट्टी. तो ट्रान्सपोर्टने आधीच केडगावला येऊन पोचला आणि पाच दिवस हैदरभाईंच्या दिवाणाखाली गोधडीत गुंडाळून पडला होता. हैदरभाईंनी सवयीने तो मापला. वरची कड खालच्या कडेपेक्षा तीन मिलिमीटरने जास्त भरली.

त्यांनी फोनवरून प्रयत्न केला नाही असे नाही. 'आपल्याकडे कबर पक्की करण्याचा रिवाज नाही' असे त्यांनी परवेझला सुचवले. त्यावर परवेझने तिकडच्या इमामांचा सल्ला घेऊन दुसऱ्या दिवशी कळवले, की कबर पक्की करायची न्हाई, नुसता उशाशी दगड लावायचा, त्याला हरकत न्हाई. तवा हैदरभाई, गवंडी तेवढा सांगून ठिवा. हैदरभाईंनी गावातल्या गोरक्षनाथ गवंड्याला सांगून ठेवले. कबर कोणती, असे गोरक्षनाथने विचारले नाही. परवेझने त्याला जुना फोटो परस्पर मोबाईलवर पाठवला होता.

पाहुणे येण्याच्या आदल्या संध्याकाळी हैदरभाईंची मुलगी फलक दिवाणाखाली वाकून दगडावरचा इंग्रजी मजकूर वाचत होती. ती नगरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि बापाचे हे गुपित तेवढे तिलाच ठाऊक होते.

"अब्बा, हे 'सावरदऱ्याचे जमीनदार आणि न्यायदाते' कोण?"

"तुझे खापरपणजोबा."

"ते बोकडं हलाल करायचे ना?"

"करायचे. गावातल्या बोकडांचा शेवटचा न्याय त्यांच्याच हातात होता."

"आणि जन्म अठराशे एकाहत्तर, बावीस मार्च? तुमची स्वतःची जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी एक जून टाकलीय!"

"तिकडे वंशावळ काढून देणारी संकेतस्थळे आहेत म्हणे. मागेल त्याला तारीख देतात."

फलक हसली नाही. गोधडी पुन्हा नीट घालत ती म्हणाली, "आणि हा दगड उद्या सरवरीखालाच्या आईच्या उशाशी बसणार. उद्यापासून तिने माती टाकायची ती जमीनदारांवर. फोन करा अब्बा, आत्ता करा."

"ही फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही."

"समोरासमोर तरी नऊ वर्षांत कुठं सांगितलीत?"

 सरवरीखाला यंदाही ऊसतोडीला गेली असेल, अशी एक अंधुक आशा हैदरभाईंना होती. माणूस सभ्य असला की त्याच्या आशाही अशा सभ्यच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची पांढरी मोटार केडगावला आली. परवेझचे केस पिकले होते, मिठी तेवढीच कडकडून होती. मुलगी अलफिया, वय एकोणीस. तिला विद्यापीठात 'आपली मुळे' या विषयावर लघुपट करून द्यायचा होता, म्हणून ती मोटारीत बसल्यापासून खिडकीबाहेर मोबाईल धरून होती. दगड मागे ठेवला गेला. हैदरभाई पुढे बसले, कारण रस्ता त्यांना ठाऊक होता. निदान रस्ता तरी.

"रस्ता लई सुदारला की, हैदरभाई!" नगर ओलांडताना परवेझ म्हणाला आणि त्याच वेळी मोटार अशी आदळली, की मागचा दगड गोधडीसकट हुंदका दिल्यासारखा वाजला. जिल्ह्याचे नाव बदलले, खड्ड्यांना अजून कुणी कळवलेले नाही.

"हळू, हळू! मागं पणजोबा हायती!" परवेझ चालकाला म्हणाला.

आष्टी गेली, जामखेड गेले. सावरदऱ्यात शिरल्यावर अलफियाने इंग्रजीत विचारले, की इतक्या घरांना कुलपे का? परवेझने मोठ्या समजुतीने सांगितले, "समदी रानात गेली आसतील." हैदरभाईंनी दुरुस्ती केली, की रानात नव्हे, ऊस तोडायला गेली आहेत, पोरेबाळे घेऊन, आणखी चार महिने येणार नाहीत. परवेझने हे मुलीला भाषांतर करून सांगितले. तिने 'ओह' म्हटले आणि कुलपांचे फार सुंदर चित्रण केले. बापलेकीचे नंतर एकमत झाले, की इथली शांतता तिकडे विकत घ्यायची म्हटली तरी मिळत नाही.

कब्रस्तानाच्या दाराशी मोटार थांबली तेव्हा पावणेबारा वाजले होते. गोरक्षनाथ गवंडी कामाला चोख माणूस. पाहुण्यांचा खोळंबा नको म्हणून त्याने कडुनिंबाखालच्या कबरीच्या उशाशी वीतभर चर खणून त्यात सिमेंटचा गिलावा ओतूनही ठेवला होता. "निस्ता उबा करायचा दगूड," तो थापी पुसत म्हणाला, "दोन मिंटाचं काम."

हैदरभाईंना वाटत होते, की काहीतरी बोलायला आपल्याला अजून थोडा वेळ मिळेल. पण चर तयार होता. गिलाव्याची एक धार ओघळून लिंपलेल्या मातीवर, खाली निजलेल्या छोटीबीच्या छातीपर्यंत आली होती.

चालक आणि गोरक्षनाथ यांनी दगड उतरवला. परवेझने रुमाल डोक्याला बांधला. अलफियाने योग्य कोन शोधला. आणि पत्र्याच्या घराकडून, रानातून नुकत्याच परतलेल्या, शेळीचे दावे तसेच हातात धरून, सरवरीखाला आल्या. यंदा त्या ऊसतोडीला गेल्या नव्हत्या. मुकादमाने 'आता तुमच्यानं मोळी उचलत न्हाई' म्हणून नेले नव्हते.

त्यांनी आधी चराकडे पाहिले, मग दगडाकडे.

"गोरक्षनाथा, कुनाचं हाय रं हे?"

"हैदरभायच्या पणज्याचं की. ते कनाडाचं पावनं आल्यात न्हवं, त्येंचं."

सरवरीखालांनी हैदरभाईंकडे पाहिले. त्या पाहण्यात अजून राग नव्हता. हिशेब लागत नसल्यासारखे ते पाहणे होते. परवेझ मात्र भारावून पुढे झाला. गावची वृद्धा आपल्या पणजोबांच्या कबरीवर आपणहून आली, हे दृश्य त्याने मनातल्या मनात योजले असते तरी इतके छान जमले नसते. त्याने वाकून सलाम केला आणि चॉकलेटांची पिशवी तिच्या दावे धरलेल्या हातात दिली.

"खाला, आमी मौलालीबाबांचे पणतू. लई लांबनं आलोय."

"कळलं बाबा. बसा सावलीला."

"तुमी त्यांच्याबद्दल काई आयकलं आसंल?"

"आयकलंय की. माजा आजा सांगायचा, मौलालीचा हात लई हलका. बोकडाला कळायचंबी न्हाई."

परवेझने याचे इंग्रजीत भाषांतर केले. ते 'त्यांच्या न्यायबुद्धीची ख्याती होती' असे झाले. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो नऊ वर्षांपूर्वी गावातल्या कुणाला तरी विचारायला हवा होता.

"आन् कबर हीच न्हवं त्यांची?"

सरवरीखाला हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. दावे एका हातातून दुसऱ्या हातात घेत त्या म्हणाल्या, "हैदरला इचारा. त्येनंच दावली आसंल तुमाला. शिकलेला मानूस हाय. आमी तवा ऊस तोडाय गेल्तो."

सगळ्यांच्या माना हैदरभाईंकडे वळल्या, आणि मोबाईलही. चरातला गिलावा घट्ट होत चालला होता. गोरक्षनाथने दगडाची कड धरलीच होती.

"गोरक्षनाथ, ठेव तो खाली," हैदरभाई म्हणाले. "ही कबर आपली नाही, परवेझ."

"म्हंजी?"

"ही छोटीबींची. सरवरीखालांच्या आईची. मी तुला चुकीची दाखवली होती."

"चुकून झालं आसंल. व्हतंय आसं," परवेझ घाईने म्हणाला. नात्यात इतका उदार दरवाजा क्वचितच कुणी उघडून देतो. हैदरभाईंना फक्त 'हो' म्हणत त्यातून बाहेर पडायचे होते.

"चुकून नाही. मला माहीत नव्हती, आणि तसं म्हणायची लाज वाटली. नंतर कळलं ही कुणाची ते. तरी गप्प राहिलो."

अलफियाने मोबाईल खाली घेतला नाही. तीन आठवड्यांच्या प्रवासात तिला पहिल्यांदाच काहीतरी खरोखर घडताना दिसत होते.

परवेझने डोक्याचा रुमाल सोडला. मग बोलला तो हैदरभाईंशी नव्हे, समोरच्या मातीशी बोलल्यासारखा. "अब्बांनी ह्यो फोटू त्यांच्या खोलीत लावला हुता. शेवटचं वरीसभर त्यास्नी काई दिसत न्हवतं, तरी रोज सकाळी तिकडं त्वांड करून सलाम करायचे. मी खाटंवर बसून सांगायचो, अब्बा, जरा डावीकडं." तो हैदरभाईंकडे वळला. "मग कुनाला करत हुते ते सलाम?"

"माझ्या आईला," सरवरीखाला म्हणाल्या. "झालं की चांगलं. जित्तेपनी मुकादमबी तिला नाव घिऊन हाक मारत न्हवता."

यावर हसावे की रडावे हे कुणालाच ठरवता आले नाही, म्हणून गोरक्षनाथने थापी धुवायला घेतली.

"मग आमची खरी कंची?" परवेझने विचारले.

"ती आता दिसणार नाही. सपाट झाली असेल," हैदरभाई म्हणाले. "कबर काही कुणी चोरून नेत नाही. माती टाकायचं थांबलं की ती जमिनीशी एक होते. तुझ्या अब्बांनी गाव सोडलं, मग माझ्या वडिलांनी. तू कॅनडातून टाकणं शक्य नव्हतं हे मला समजतं. मी केडगावात होतो. मीही टाकली नाही."

परवेझने घड्याळाकडे पाहिले. साडेबारा वाजत आले होते. दुःख कितीही खरे असले तरी गोव्यातली खोली त्या दिवशीची होती. त्याने कब्रस्तानभर नजर फिरवली आणि भिंतीजवळच्या मोकळ्या जागेकडे बोट केले. "मग तितं लावू. रिकामीच दिसती."

"रिकामी नाही. तिथंही कुणीतरी आहेच. त्याचं कुणी गावात उरलं नाही, एवढंच."

"आरं, पर कुनाला कळनार हाय हैदरभाई?"

"कुणालाच नाही. मलाही नऊ वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं."

परवेझने मग सरवरीखालांना गळ घालून पाहिली. दगड उत्तम आहे, आग्र्याचा आहे. तुमच्या आईच्या उशाशीच राहू द्या, कबरीची शोभा वाढेल. खाली तुमच्या आईचे नावही घालून घेऊ, पुढच्या वेळी. सरवरीखालांनी खाली बसून संगमरवरावरून हात फिरवला. वेलबुट्टी त्यांना आवडली असावी, कारण एका लाल फुलावर बोट थोडे थांबले.

"ह्येच्यावर आत्ता माझ्या आईचं नाव हाय का?"

"आत्ता न्हाई, पर..."

"मग उचला," त्या म्हणाल्या, आणि चॉकलेटांची पिशवी अलगद दगडावर ठेवून उठल्या.

दगड पुन्हा गोधडीत गेला, गोधडी मोटारीत गेली. परवेझ निघताना हैदरभाईंना मिठी मारायला विसरला की मुद्दाम मारली नाही, हे सांगता येत नाही. दार लावण्यापूर्वी तो एवढेच म्हणाला, "हैदरभाई, तुमी लई मोठं नुस्कान केलं." हे त्याचे वाक्य अगदी बरोबर होते, आणि हैदरभाईंनी ते नाकारले नाही. मोटार करमाळ्याच्या दिशेने गेली. हैदरभाईंना केडगावला परत सोडण्याची तरतूद मुळात वेळापत्रकात नव्हतीच, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले. गोरक्षनाथला दुसरीकडे गिलाव्याचे काम होते. तोही सायकलला पाटी अडकवून गेला. एवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. 'मौलाली खानदान' या समूहातून त्यांना काढण्यात आले होते. नातेवाइकांची इतकी तत्परता त्यांनी आयुष्यात प्रथमच अनुभवली.

ते कडुनिंबाखाली उभे राहिले. सरवरीखाला कबरीच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या आणि ओघळलेल्या सिमेंटावर बोट दाबून पाहत होत्या.

"तुला तवाच ठावं झालं हुतं व्हय रं? शबेबरातच्या वक्ती मी सांगितलं तवा?"

"हो, खाला."

"म्हंजी ती फुलं माझ्या आईची न्हवतीच."

"नव्हती."

 शेळी ओरडली तरी खालांनी तिकडे पाहिले नाही. हैदरभाईंना वाटले, आता ही बाई शिव्या देईल. आणि शिव्या दिल्या असत्या तर त्यांना फार बरे वाटले असते. पण त्या उठल्या, घरात गेल्या आणि खुरपे घेऊन आल्या.

"सिमीट वाळंल. बस खाली."

हैदरभाई इस्त्रीच्या पॅंटीनिशी मातीत बसले. छातीवरचा ओघळ पापुद्र्यासारखा सुटून आला. चरातला गिलावा मात्र मातीला धरून बसला होता. ते खुरप्याने कडा मोकळ्या करीत, ढेकूळ उचलत आणि मागे ठेवीत. खाला प्रत्येक ढेकूळ हातात घेऊन त्याला लागलेली माती चोळून काढीत आणि ती माती पुन्हा कबरीवर ठेवीत. एक चिमूटही त्यांनी बाजूला पडू दिली नाही. पाऊण वाजला, एक वाजला. जामखेडची जीप फाट्यावरून हॉर्न देऊन गेली.

"झालं बहुतेक," हैदरभाई पाठ सरळ करीत म्हणाले.

खालांनी वाकून चरात पाहिले. "झालं न्हाई. त्या आतल्या बाजूला हाय बघ आजून, खोल."

हैदरभाईंनी खुरपे पुन्हा घातले, तसा खालांनी त्यांचा मनगटाशी हात धरला.

"तितं खुरपं नगं," त्या म्हणाल्या. "तितं डोस्कं हाय तिचं. हातानं काढ."

हैदरभाईंनी खुरपे बाजूला ठेवले, बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हाताने काढायला सुरुवात केली.